मोटार डाव्या बाजूला

आमच्या मुलाच्या लग्नाची सीडी आहे. बायको त्यात जागोजागी दिसते. हळदीला बसलेली दिसते, विहिणीच्या पायावर पाणी घालताना दिसते, पंगतीत लाडू वाढताना कुणाशी तरी बोलतानाही दिसते. पण आवाज नाही. शूटिंगवाल्यानं सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी टाकून दिली. त्या काळी तशीच पद्धत होती, गाणी जितकी जास्त तितकं शूटिंग भारी. मंगलाष्टकांपुरता खरा आवाज ठेवलाय, तो भटजीचा. बायको गेल्यावर मी ती सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. तोंड हलतंय आणि आवाज भलत्याच नटीचा. एवढ्या वर्षांचा संसार, आणि त्या बाईचा आवाज घरात कुठंच शिल्लक नाही.

पोरगा पुण्यात असतो. त्याच्याशी ती फोनवर रोज बोलायची. पण रोजचं बोलणं कोण साठवून ठेवतं? नातीनं व्हिडिओ काढायला मोबाइल धरला की ही हात हलवायची, "बंद कर ते." फोटो काढा म्हणायची, बोलायला लावू नका.

माझी घाई वेगळी होती. माझा डावा कान वाळूजला कंपनीत गेला. प्रेसवर होतो. पत्र्यावर दिवसभर दणका बसायचा आणि मशीन माझ्या डाव्या अंगाला. कानात बोळा घालायला सांगायचे, पण बोळा घातला की फोरमनची हाक ऐकू येत नव्हती, मग कोण घालतो. कान गेला तो ठार गेला. उजव्यावर पुढचं आयुष्य काढलं. बायको कायम माझ्या उजव्या अंगाला चालायची, उजव्या अंगाला बसायची. कुणाच्या लग्नाकार्याला गेलो आणि खुर्ची डाव्या बाजूची मिळाली तर लोकांना उठवून जागा बदलून घ्यायची.

आता उजवाही चाललाय. कानाच्या डॉक्टरनं डब्यासारख्या बंद खोलीत बसवून शिट्ट्या वाजवल्या आणि बाहेर आल्यावर तोंड माझ्या कानाशी आणून सांगितलं, "बाबा, आधी बारीक आवाज जातील. चिमण्या, लेकरं, बायका. जाड आवाज शेवटी जातील."

मी म्हटलं, "कानाला मशीन लावल्यावर?"

"मशीननं ऐकू येईल. पण वेगळं येईल. होतं तसं नाही येणार."

म्हणजे माझ्या कानातून बायकांचे आवाज जायच्या आत मला तिचा आवाज ऐकायचा होता. एवढंच. देवाजवळ दुसरं काही मागत नव्हतो, आणि हे मागायला देवाकडं जाऊन उपयोग नव्हता.

एक व्हिडिओ होता. टँकरचा.

आम्ही मूळचे पिशोरकडचे. माझी शाळा सातवीत सुटली. कंपनीत लागलो, मग शहराच्या कडेला सातारा भागात गुंठेवारीतला प्लॉट घेतला. घेतला तेव्हा समोर ज्वारी उभी होती. पुढं ज्वारी गेली, बिल्डिंगी आल्या, मेडिकल आलं, चहाची दुकानं आली, दारात सिमेंटचा रस्ताही झाला. नळ तेवढा आला नाही. सगळी वस्ती बोअरवर. मग दुष्काळाची वर्षं लागली. एकामागून एक बोअर आटले, पैठणच्या धरणात खाली काय उरलंय त्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि गल्लीत टँकर सुरू झाला. टँकर आला की भांडण आलं. पाइप आधी कुणी ओढायचा, कुणाचा ड्रम अर्धाच भरला, कुणी दोनदा भरून घेतला. रोज तेच. शेवटी गल्लीतल्या एकानं पुरावा पाहिजे म्हणून टँकरवर चढून मोबाइलमध्ये शूटिंग केलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं.

त्यात माझी बायको आहे. निळ्या ड्रमाला खेटून उभी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी पाइपाचं तोंड धरलेलं. पाठ आपल्याकडं. तिच्या पलीकडं शेजारीण, तिचा नुसता हात आणि अर्धी घागर दिसते. टँकरची मोटार घुंघुं करतेय, बाया कालवा करतायत, आणि त्या सगळ्या कालव्यावरून एका बाईचा आवाज फाडफाड येतो, "ए, वढू नको! अर्धाच झालाय अजून! तुझ्या बापाचा हाय का टँकर?"

तेव्हा सगळी गल्ली हसली होती. बायको म्हणाली होती, काढून टाका ते मोबाइलातनं. मी ठेवलं. बरं झालं ठेवलं असं मला वाटलं. पाठ तिची, पाइप तिच्या हातात, म्हणजे आवाजही तिचाच. आणि ती बोलायचीही तशीच. माझ्याशी तर रोज तसंच बोलायची.

पण मोबाइलवर ऐकायला गेलो की मोटारच ऐकू यायची. डॉक्टरनं सांगितलंच होतं, जाड आवाज राहतील. ते वाक्य मोटारीतून वर यायचं आणि बुडायचं. पोराला सांगितलं. तो म्हणाला, कॅनॉट मार्केटच्या मागं एक जण आहे, व्हिडिओतला आवाज काढून घेतो आणि चारी बाजूंनी ऐकू येईल असा करून देतो. हेडफोन घातला की आपण त्याच जागी उभं असल्यासारखं वाटतं.

गेलो. जिन्याखालची खोली, भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा काळा फोम. माणूस पन्नाशीच्या आसपासचा, दाढीला मेंदी. आधी सिटी चौकात लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं म्हणाला.

मी विचारलं, "लग्नावर गाणी टाकायचा काय तू?"

"हौ चाचा. सबपे डाले. लोकांनाच पाहिजे होती."

"लई चांगलं काम केलंस."

तो हसला नाही. त्याला कळलं असावं, कारण माझ्यासारखे आणखी लोक त्याच्याकडं येत असणार. त्यानं व्हिडिओ घेतला आणि मला समजावून सांगितलं. मोबाइलमध्ये सगळा आवाज एकच गठ्ठा होऊन येतो. तो आधी फोडायचा. मोटार वेगळी, पाणी वेगळं, माणसं वेगळी. ते काम मशीन करतं. मग एकेक आवाज डोक्याभोवती त्याच्या जागेवर मांडायचा. ते काम माणसाचं. पडद्यावर वरून बघितलेलं एक डोकं काढलेलं होतं, नाक वरच्या बाजूला, भोवती रंगीत ठिपके. ठिपका सरकवला की आवाज सरकतो.

दुसऱ्या खेपेला त्यानं माझ्या डोक्यावर हेडफोन घातला. मी डोळे मिटले. मोटार आली, पाणी पडल्याचा आवाज आला, कुत्रं आलं. बायको नाही.

"कुठंय ती?"

"डावीकडं, थोडी मागं. चित्रात उभी आहे तिथंच ठेवली."

"डावीकडं मला ऐकू येत नाही."

त्यानं कपाळावर हात मारला. "चाचा, पहले बोलना नै क्या!"

"तू विचारलं नाहीस."

मी हेडफोन काढला आणि उलटा करून घातला. लगेच आली. "तुझ्या बापाचा हाय का टँकर?" थेट उजव्या कानात, मोटार नाही, काही नाही, कानाशी तोंड लावून बोलल्यासारखी. त्यानं एक ठिपका दाखवून विचारलं, "यही है ना चाची?" मी म्हटलं, हीच. त्यानं ठिपका उजवीकडं नेऊन ठेवला आणि फाइल मोबाइलमध्ये घालून दिली.

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. सकाळी चहा घेतला की ऐकायचो, जेवण झालं की ऐकायचो. भाजी चिरतानाही लावून ठेवायचो. घरात कुणी तरी भांडतंय, एवढ्यानंही जीव थाऱ्यावर राहायचा.

मग मला वाटलं, शेजारणीला ऐकवावं. दोघींचं फार होतं. पाणी बरोबर भरायच्या, पापड बरोबर, दवाखान्यात शेवटी हीच बसून असायची. तिच्या ओट्यावर गेलो आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. ती आधी हसली. मग ऐकता ऐकता तिचं तोंड बदललं.

"भावजी, हे काय ऐकवताय मला? ही मी हाय की!"

"काय बोलतीस?"

"मी हाय ही. ‘तुझ्या बापाचा हाय का’ हे माझं बोलणं हाय. आमच्या घरात विचारा. रोज एकदा तरी म्हणते मी."

"पाइप तिच्या हातात होता."

"पाइप तिच्या हातात अन् तोंड माझं. ती भांडायची का कधी? तिचं भांडण मीच करायची. पाठमोरी हाय ती. तोंड दिसतंय का तुम्हाला तिचं?"

मी म्हटलं, "म्हातारपणी चळ लागलाय तुला."

"मला चळ? अन् तुम्हाला बायकूचा आवाज वळखंना!"

बोलून गेली आणि तिनंच पदर तोंडाला लावला. मी उठलो नाही. उठून जाणार कुठं, घर बाजूलाच. गल्लीत पाइपलाइनसाठी खोदून ठेवलं होतं, त्या खड्ड्याकडं बघत बसलो. थोड्या वेळानं तीच माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि जोरात, सावकाश बोलली.

"तुमच्याशी वरडायची ती. तुमच्या कानापायी. तुम्ही कंपनीतनं आला की तिचा आवाज आमच्या चुलीपस्तोर यायचा. म्हणून तुम्हाला तसंच वाटणार. बाकी आमच्याशी लई हळू बोलायची. कान जवळ न्यावा लागायचा तिच्या."

हे मला माहीत नव्हतं. लग्न झालं तेव्हा माझे दोन्ही कान होते, तेव्हा ती हळू बोलत असणार, पण नवीन लग्न, घरात आईबाप, माझ्याशी बोलायचीच किती. नंतर कान गेला आणि ती ओरडायला लागली. मीठ दे म्हणून ओरडायची, पोरगा पास झाला म्हणून ओरडायची, दवाखान्यात पाठीत दुखतंय हेही ओरडूनच सांगितलं. म्हणजे तिचा स्वतःचा आवाज गल्लीनं ऐकला, टँकरवाल्यानं ऐकला, भाजीवालीनं ऐकला. मला तो कधी मिळालाच नाही. आणि इतके दिवस मी शेजारणीची शिवी कानाला लावून बसलो होतो.

मी शेजारणीला विचारलं, "त्या व्हिडिओत ती काही बोललीय का?"

"त्या दिवशी बोलली असंल की. मुकी थोडीच व्हती."

"यील का माझ्यासंगं?"

"येते. पण जाताना हळूहळू चाला, माझे गुडघे गेलेत."

रिक्षानं गेलो. हेडफोनवाल्याला घडलेलं सांगितलं तर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि म्हणाला, "मावशी, मतलब इतने दिन चाचा तुमकोच सुन रहे थे?"

"आन मला फुकटात ऐकलं त्यांनी," शेजारीण म्हणाली. "लाव आता. बघू दे कोण कोण हाय तुझ्या डब्यात."

त्यानं एकेक ठिपका लावला. ती दोन्ही हातांनी हेडफोन दाबून बसली आणि सांगत गेली. ही पलीकडच्या घरची, हिला कधी पुरलंच नाही पाणी. हा टँकरवाला, पान खाऊन बोलतोय. ही मी. ही परत मी. हे कुत्रं, मेलं बिचारं. असं करत माणसांचे ठिपके संपले आणि त्यात माझी बायको नव्हती.

"संपलं?" मी विचारलं.

"माणसं संपली," तो म्हणाला. "आता नुसती मोटार राहिली."

"मोटार लाव," शेजारीण म्हणाली.

"मावशी, उसमे क्या है? कचरा आहे तो. मशीननं टाकून दिलेला."

"लाव तर खरं. तुझं काय जातंय?"

त्यानं मोटार लावली. ती ऐकत राहिली. पडद्यावर रेघ पुढं सरकत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. माझी बायको आहे का नाही हे त्या तोंडावर दिसणार होतं.

"थांब. थांब रं. मागं घे."

त्यानं मागं घेतलं.

"अजून मागं. हां. हीच." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तीच हाय, भावजी. मलाच बोलतीय."

त्यानं स्वतः हेडफोन घालून ऐकलं आणि मान हलवली. बाईचा आवाज होता, पण इतका हळू आणि मोटारीच्या आवाजाशी इतका मिळून गेलेला की मशीनला तो माणसाचा वाटला नव्हता. मोटारीच्या ढिगात टाकून दिला होता.

"काय म्हणतीय?" मी विचारलं.

शेजारीण माझ्या कानाशी आली. "म्हणतीय, ‘अगं र्‍हाऊ दे. चप्पल भिजली बघ तुझी.’"

मी विचारलं, "पुढं?"

"पुढं काय नाय. तेवढंच."

माझा काही विषय नव्हता त्यात. मी घरात आहे का कंपनीत, जेवलो का नाही, काही नाही. शेजारणीची चप्पल. मी म्हटलं, तेवढं तर तेवढं, काढ ते बाहेर.

तिथं अडचण झाली. मोटार सगळी काढली की बायकोचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा, नुसता किरकिर. मोटार ठेवली की ती माझ्या कानाला सापडेना. तो कधी इतकी काढायचा, कधी तितकी, मला घालून बघायला लावायचा. एकदा नुसती मोटार, एकदा नुसता डबा. शेजारणीला चहा आणला, तो गार झाला. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे. माझ्या नशिबात डबाच असेल तर डबा दे.

तो खुर्ची फिरवून माझ्यासमोर आला.

"चाचा, बुरा नक्को मानो. वो कान... एकदम बंद है ना?"

"ठार."

"थोडं पण नाही?"

"तोफ वाजवलीस तरी नाही."

"तो फिर मोटार उधर डालते."

त्यानं पडद्यावरच्या डोक्याच्या डाव्या कानाला नेऊन मोटारीचा ठिपका चिकटवला. पाणी तिकडं, बायांचा कालवा तिकडं, टँकरवाला तिकडं, शेजारीणही तिकडं. उजवीकडं एकटी बायको. तिला लागून जरा मोटार राहिली होती, ती त्यानं राहू दिली, नाहीतर डबा होतो म्हणाला. शेजारणीनं घालून बघितला आणि लगेच काढून फेकला. "आगं आई! हे काय हाय? एका कानात गिरणी चाललीय."

"मावशी, ये तुम्हारे वास्ते नै है," तो म्हणाला. मग मला म्हणाला, चांगल्या कानाच्या कुणाला देऊ नका, लोक म्हणतील मी काम बिघडवलं.

मी घातला.

खरं लिहितो. मला काही झालं नाही. शेजारीण रडत होती, तो माणूस माझ्याकडं आशेनं बघत होता, आणि माझ्या कानात एक परकी बाई हळू आवाजात कुणाला तरी चप्पल भिजल्याचं सांगत होती. मी परत लाव म्हटलं. परत तीच बाई. चांगला आवाज होता. जरा जाडसर, सर्दी झाल्यासारखा, ‘बघ’ म्हणताना थोडा ओढलेला. पण मी तो ओळखला नाही. शेजारीण म्हणाली ती आहे, म्हणून ती आहे. तिच्याशिवाय दुसरा पुरावा नाही.

घरी येऊन रोज ऐकायला लागलो. सकाळी रेडिओ बंद करतो, पंखा बंद करतो आणि बसतो. शाळेत कविता पाठ करायला लावायचे तसं चाललंय. आधी शब्द पाठ झाले, मग ‘बघ’ कुठं ओढते ते पाठ झालं, मग ‘अगं’च्या आधी श्वास घेते तो कळायला लागला. मग ह्या आवाजात मी मनातल्या मनात तिला दुसरं काही बोलायला लावून बघतो. मीठ दे. पोरगा पास झाला. पाठीत दुखतंय. एखाद्या वेळी जमतं. मग मधेच ती जुन्या सवयीनं ओरडायला लागते आणि सगळं मोडतं.

शेजारीण कुंपणावरून विचारते, "वळखली का?"

मी म्हणतो, "अजून नाय."

"वळखंल, वळखंल," म्हणते आणि आत जाते. पहिल्यासारखी दारात उभी राहून भांडत नाही ती आता. मी ऐकतो म्हणून लाजत असेल.

पोरगा म्हणतो मशीन लावून घ्या, आता चांगली निघालीत, कानात दिसतसुद्धा नाहीत. मी त्याला सांगितलं, मशीननं आवाज वेगळा येतो. आधीच मला ती नवीन आहे. त्यात आणखी वेगळी झाली तर मी कुणाला धरून बसू? तो चिडला. चिडू दे. फोनवर त्याचं बोलणंही आता तुटक येतं, त्याच्या बायकोचं तर येतच नाही. अंगणात चिमण्या चोच उघडतात, आवाज नाही. डॉक्टरनं सांगितलेल्या क्रमानं चाललंय.

मागच्या आठवड्यापासून शेवटचा ‘तुझी’ कानाला लागत नाही. ‘चप्पल भिजली बघ’ इथपर्यंत येते आणि पुढं मोटार. शब्द मला पाठ आहे, त्यामुळं कधी तो ऐकू आला असं वाटतं आणि कधी मीच म्हटला असं वाटतं. शेजारणीला घालायला सांगून विचारलं, फाइल बिघडली का? ती म्हणाली, फाइल बरी हाय, भावजी.

बायकोची माझी ओळख अजून पटलेली नाही. पटायच्या आत कान जाईल असं दिसतंय. सकाळी पंखा बंद करून बसतो तरी.